बोटीची जमीन, फायबर आणि आपलं एसओएम

मित्रांनो, सेकंड इयरला एसओएमचा पेपर देताना "हे बीमचं डिफ्लेक्शन काढून कोणाचं भलं होणार आहे?" असा प्रश्न ज्याला पडला नाही, असा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी मला तरी अजून भेटायचा आहे. त्या प्रश्नाचं एक उत्तर या लेखात आहे. विषय जरा हटके आहे: बोटीच्या केबिनची कुजलेली जमीन फायबरग्लास वापरून हौशी माणसाने कशी दुरुस्त करायची.

आता तुम्ही म्हणाल, शिरवळला समुद्र कुठे आहे? नाहीच. पण आपल्या सातारा जिल्ह्यात पाण्याला तोटा नाही. शिरवळच्या अंगाला नीरा आहे, खाली वीर धरणाचा फुगवटा आहे, आणि पश्चिमेला कोयनेचा शिवसागर. १०५ टीएमसीचा तो जलाशय आपण नकाशात निळा ठिपका म्हणून पाहतो. तापोळा, बामणोली आणि पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या लोकांसाठी मात्र तो रस्ता आहे. धरणाच्या पाण्याने जुन्या वाटा बुडाल्या, तेव्हापासून बाजार, दवाखाना, शाळा यांसाठी बोट किंवा लाँच हा मोठा आधार. आपल्याकडे एसटी बंद पडली की जे हाल होतात, तेच तिकडे बोट बंद पडली की होतात.

माझ्या मित्राच्या मामांची अशीच एक वीस फुटी बोट आहे. बाहेरचं कवच फायबरचं, पुढे छोटी केबिन, आणि केबिनची जमीन प्लायवूडची. मे महिन्यात ही बोट ट्रेलरवर चढून, पसरणीचा घाट उतरून, खंबाटकी ओलांडून शिरवळला मित्राच्या शेडमध्ये आली. मामांची तक्रार एकाच वाक्याची होती: "वरनं काय बी दिसत न्हाय, पण पाय ठेवला की दबतंय." आम्ही चौघं विद्यार्थी, एक अनुभवी सुतार मिस्त्री आणि मामा, असे सहा जण बारा दिवस तिच्यामागे होतो. त्यातून जे शिकलो ते पुढे लिहीत आहे.

वरून चकाचक, आतून भुसा

केबिनच्या जमिनीवर आधीच एकदा फायबर मारलेलं होतं. म्हणजे पूर्वी कोणीतरी ही जमीन "दुरुस्त" केली होती. पोपडा उचलून पाहिलं तर खालचा प्लाय ओल्या बिस्किटासारखा झालेला. फायबरचं कवच शाबूत आणि खाली लाकूड गायब!

असं का होतं? लाकूड पाण्याने कुजत नाही, ते बुरशीने कुजतं. त्या बुरशीला ओल, हवा आणि ऊब लागते. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली असेल तर ती वाढत नाही. ओलं लाकूड न वाळवता वरून फायबरने बंद केलं, तर ओल आतच अडकते आणि बुरशीला आपण आयता बंद डबाच करून देतो. शिवाय ओल्या किंवा मऊ लाकडावर रेझिन धरतही नाही.

ओलावा मोजायला महागडं मीटरच लागतं असं नाही. लाकडाचा छोटा तुकडा काढा, वजन करा, लॅबच्या ओव्हनमध्ये साधारण १०५ अंशांवर वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत ठेवा आणि परत वजन करा. घटलेलं वजन भागिले कोरडं वजन, गुणिले शंभर. झाला ओलावा टक्क्यांत. सॉइल मेकॅनिक्सच्या प्रॅक्टिकलला मातीचा ओलावा असाच काढतात.

२१६ चा आकडा

आता मुख्य मुद्दा. पुष्कळ लोकांना वाटतं की फायबर म्हणजे जादू. कुठेही दोन थर मारले की वस्तू मजबूत झाली. इथेच एसओएम कामाला येतं.

आमच्या बोटीत प्लाय १२ मिमीचा, आणि खालच्या दोन तुळयांमधलं अंतर ४०० मिमी. (बीमला मराठीत तुळई म्हणतात, हे आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना मिस्त्रींनी शिकवलं.) जमिनीची ३०० मिमी रुंद पट्टी धरा आणि तिच्या मधोमध ८० किलोचा माणूस उभा करा. सूत्र आपल्या ओळखीचं: पी गुणिले एल घन, भागिले ४८ ई आय. आय म्हणजे रुंदी गुणिले जाडीचा घन, भागिले १२. प्लायचा ई सुमारे ७००० न्यूटन प्रति चौरस मिमी धरला, तर पट्टी साधारण ३.५ मिमी वाकते. चालण्यासारखं आहे.

आता समजा प्लाय पूर्ण कुजला आणि त्यावरचं २ मिमी फायबर तेवढं उरलं. साध्या मॅटच्या फायबरचा ई प्लायच्या जवळपासच असतो, म्हणजे तिथे काही फायदा नाही. फरक पडतो तो जाडीत. १२ आणि २ यांचं गुणोत्तर ६, आणि ६ चा घन २१६. म्हणजे कुजलेल्या लाकडावरचं ते फायबर चांगल्या प्लायच्या २१६ पट लेचंपेचं! सूत्रात घातलं तर डिफ्लेक्शन ७४० मिमीच्या वर येतं, जे ४०० मिमीच्या अंतरात शक्यच नाही. अर्थ एवढाच, की असलं फायबर माणसाचं वजन स्वतः पेलूच शकत नाही. मामांचा पाय दबत होता, पण अजून आरपार गेला नव्हता, तो उरल्यासुरल्या चांगल्या लाकडाच्या जिवावर.

मग फायबरचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे, पण तो लाकडाच्या जोडीने. आय सेक्शन आठवा. वरचा आणि खालचा फ्लँज ताण-दाब घेतात आणि मधला वेब त्यांना एकमेकांपासून लांब धरून ठेवतो. चांगल्या लाकडाच्या दोन्ही बाजूंना फायबर चिकटलं की फायबर फ्लँजचं काम करतं आणि लाकूड वेबचं. वेबच कुजला तर फ्लँज काय करणार?

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्या शेजारी गोव्यात घडलं आहे. दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात नौदलासाठी "म्हादेई" ही शिडाची नौका बांधली गेली आणि २००९ साली ती नौदलात दाखल झाली. तिच्या कवचाचा गाभा लाकडी पट्ट्यांचा आहे आणि त्यावर एपॉक्सी आणि फायबरग्लासचं आवरण. कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात याच नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली; शिडाच्या नौकेतून असं करणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी तिच्यातूनच कुठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली. म्हणजे लाकूड आणि फायबर ही जोडी दक्षिण महासागराच्या लाटा झेलते. अट एकच: आतलं लाकूड कोरडं आणि निरोगी हवं.

आधी निदान, मग कापाकापी

पहिला दिवस फक्त ठोकण्यात गेला. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने जमिनीवर चार-चार बोटांवर ठोकत जायचं. चांगलं लाकूड टणटणीत वाजतं, कुजलेलं भद्द वाजतं. भद्द वाजलं की खडूने खूण. शंका आली तिथे अणकुचीदार टोक दाबून पाहायचं. शेवटी खडूचा जो नकाशा तयार झाला, त्याचा सगळा जोर केबिनच्या खिडकीखाली होता. म्हणजे मूळ दोष जमिनीत नव्हताच, खिडकीच्या चौकटीतून पावसाचं पाणी झिरपत होतं. ती चौकट आधी नीट बसवली नसती तर नवी जमीनही चार-पाच पावसाळ्यांत गेली असती. पाणी कुठून येतं हे कळल्याशिवाय दुरुस्तीला हात लावू नये, हा पहिला धडा.

कापताना तीन गोष्टी सांभाळल्या.

पहिली, कटरच्या पात्याची खोली प्लायच्या जाडीइतकीच ठेवली, म्हणजे खालची तुळई किंवा बोटीचं कवच कापलं जात नाही.

दुसरी, भद्द वाजणाऱ्या रेषेच्या पुढे चांगल्या लाकडात किमान १०० मिमी जाऊन कापलं, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे पोचलेली असते.

तिसरी, शेवटचा काप तुळईच्या बरोबर मध्यावर घेतला, म्हणजे जुन्या आणि नव्या प्लायला टेकायला अर्धी-अर्धी तुळई मिळते.

काढलेली जुनी जमीन फेकून देऊ नका. ती कितीही कुजकी असली तरी नव्या प्लायचा साचा तीच असते. आमच्या एका तुळईचं टोकही मऊ निघालं. ते तासून, शेजारी सागवानाचा जोड लावून बोल्टने आवळला. मग तीन दिवस पंखा लावून सगळं वाळू दिलं. मे महिना याच कामासाठी चांगला. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की हवेतच इतकी ओल असते की लाकूड वाळता वाळत नाही.

प्लाय घेताना वरच्या शिक्क्यावर आयएस ७१० आहे का ते पाहा. हा मरीन ग्रेडचा भारतीय मानक क्रमांक. आयएस ३०३ चा प्लाय फर्निचरसाठी ठीक, बोटीच्या जमिनीसाठी नाही.

पॉलिएस्टर की एपॉक्सी?

दुकानात "फायबरचं सामान द्या" म्हटलं की बहुतेक वेळा पॉलिएस्टर रेझिन आणि मॅट हातात पडते. पाण्याच्या टाक्या, गाड्यांचे बंपर यांसाठी हेच वापरतात. ते स्वस्त आहे आणि साच्यात नवी वस्तू करायला उत्तम आहे. पण लाकडाला धरायच्या बाबतीत एपॉक्सी कितीतरी सरस. महाग आहे, तरी माणसं बसणार म्हणून आम्ही एपॉक्सी घेतलं.

दोघांत एक फरक नीट लक्षात ठेवा. पॉलिएस्टरचं हार्डनर हे पेरॉक्साइड असतं आणि ते साधारण १ ते २ टक्के घालतात. उन्हाळ्यात कमी, थंडीत थोडं जास्त. एपॉक्सीत असं अजिबात चालत नाही. तिथे हार्डनर रेझिनशी जोडलं जाऊन त्याचाच भाग बनतं, त्यामुळे डब्यावर लिहिलेलं प्रमाण काटेकोर पाळावं लागतं. जास्त घातलं तर लवकर वाळेल असं नाही, उलट कायमचं चिकट किंवा मऊ राहील. त्यामुळे अंदाजपंचे नाही. किचनमधला डिजिटल वजनकाटा घ्या आणि प्रत्येक वेळी वजन करा.

आणखी दोन नियम. बरीचशी मॅट ज्या बाइंडरने बांधलेली असते तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, एपॉक्सीत विरघळत नाही. म्हणून एपॉक्सीबरोबर विणलेलं कापड वापरायचं. आणि वाळलेल्या पॉलिएस्टरवर एपॉक्सी चांगलं धरतं, पण वाळलेल्या एपॉक्सीवर पॉलिएस्टरचा भरवसा नाही. जुन्या पॉलिएस्टरच्या बोटीला एपॉक्सीने दुरुस्त करता येतं ते यामुळेच.

सामान किती लागतं ते आधी काढा. आमची जमीन १.८ गुणिले ०.९ मीटर, म्हणजे १.६२ चौरस मीटर. ४०० ग्रॅमच्या कापडाचे दोन थर म्हणजे सुमारे १.३ किलो कापड, आणि त्याला तेवढंच रेझिन. प्लायच्या दोन्ही बाजू सील करायला १ किलो, वरच्या भरणीला साडेसहाशे ग्रॅम, कोपऱ्यांना सातशे ग्रॅम. बेरीज ३.६५ किलो, आणि वाया जाणारं १५ टक्के धरून ४.२ किलो. हे सगळं आकडे हार्डनरसकट आहेत.

प्रत्यक्ष काम

तयारी: जुन्या कवचाला जिथे नवं कापड चिकटणार तिथे आधी ॲसिटोनने पुसा, मग ४० नंबरच्या पेपरने खरवडा. उलटं केलं, तर तेलकटपणा घासून आत जातो. जुन्या फायबरची कडा उभी ठेवू नका, तिला उतार द्या. जाडीच्या किमान १२ पट. इथे रासायनिक जोड होत नाही. नवं रेझिन जुन्या पृष्ठभागाच्या ओरखड्यांत घुसून धरतं, एवढंच. ओरखडे नाहीत तर जोड नाही.

सील: प्लाय बसवण्याआधी त्याच्या दोन्ही बाजू आणि विशेषतः कडा एपॉक्सीने दोनदा भिजवा. कडेला लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, पाणी तिथूनच शिरतं. हे काम सकाळी करू नका! सकाळी लाकूड तापत जातं, आतली हवा फुगते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढते. संध्याकाळी लाकूड निवत असतं, तेव्हा हवा आकसते आणि रेझिन आत ओढलं जातं. शिरवळच्या मे महिन्यात हा फरक डोळ्यांनी दिसतो.

भोकं: स्क्रूचं भोक पाडून तसंच सोडलं तर तो पाण्याला दरवाजा. हवं त्यापेक्षा मोठं भोक पाडा, एपॉक्सीने भरा, वाळलं की त्याच्या मधोमध नेमकं भोक पाडा. आता स्क्रूभोवती लाकूड नाहीच, एपॉक्सीची बांगडी आहे. खाली साठणारं पाणी वाहून जायच्या भोकांनाही हेच करा.

कोपरे: जमीन आणि कवच मिळतात तिथे कापड काटकोनात बसत नाही, खाली पोकळी राहते. म्हणून एपॉक्सीत सिलिकाची पावडर कालवून घट्ट लांबी करा (गॅरेजवाले पुट्टीला लांबीच म्हणतात) आणि चमच्याच्या पाठीने कोपऱ्याला गोलाई द्या. स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशनचा धडा इथे हाताला कळतो.

कापड: आधी कोरडं अंथरून कात्रीने कापून घ्या आणि कवचावर १०० मिमी चढेल एवढं ठेवा. एका वेळी २०० ग्रॅमपेक्षा जास्त रेझिन कालवू नका. ते खोल मगात राहिलं तर स्वतःच्याच उष्णतेने तापून धूर सोडतं. पसरट ट्रेमध्ये ओतलं तर जास्त वेळ टिकतं. खाली रेझिन, वर कापड, आणि मधून कडेकडे रोलर. कापड पारदर्शक झालं की भिजलं. पांढरे ठिपके म्हणजे कोरडं राहिलं, आणि कापड तरंगायला लागलं म्हणजे रेझिन जास्त झालं. पहिला थर नखाने ओरखडा उठेल इतपत चिकट असतानाच दुसरा द्या, म्हणजे मध्ये घासावं लागत नाही. वाळल्यावर वर मेणचट थर येऊ शकतो. तो आधी पाण्याने आणि भांड्याच्या घासणीने धुवा, मगच पॉलिश पेपर लावा.

शेवटचा हात: वरच्या ओल्या थरावर चाळलेली कोरडी वाळू भुरभुरवा. दुसऱ्या दिवशी सुटी वाळू झाडून काढा आणि रंग द्या. वाळूमुळे ओला पाय घसरत नाही, आणि रंगामुळे एपॉक्सी उन्हापासून वाचतं.

जिवाला जपा

काचेची धूळ छातीत जाऊ देऊ नका. घासताना चांगला मास्क, गॉगल आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. एपॉक्सी कातडीला वारंवार लागलं तर कायमची ॲलर्जी होऊ शकते, म्हणून नायट्राइलचे ग्लोव्ह्ज घाला. हात थिनरने धुऊ नका, त्याने रेझिन आणखी आत जातं, साबण-पाणी वापरा. पॉलिएस्टरचं काम कराल तर त्याचं हार्डनर डोळ्यात जाणार नाही हे पाहा, आणि ते व कोबाल्ट ॲक्सिलरेटर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. स्फोट होतो. केबिन म्हणजे बंद खोलीच, त्यामुळे पंखा बाहेरच्या दिशेने लावा आणि एकट्याने आत काम करू नका.

परीक्षा आणि मर्यादा

सात दिवस वाळू दिल्यावर जमिनीवर दोन तुळयांच्या मधोमध ८० किलो वाळूची पोती ठेवली आणि ताणलेल्या दोरीपासून पट्टीने मोजलं. जेमतेम दीड मिमी. गणितातल्या ३.५ पेक्षा कमी का? कारण आपलं सूत्र दोन टेकूंवर सुट्या ठेवलेल्या पट्टीचं आहे, आणि इथे प्लाय सलग आहे, तुळयांना चिकटवलेला आहे, शिवाय शेजारची जमीनही वजन वाटून घेते. मामांनी पट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही. ते मधोमध जाऊन टाचा आपटून आले आणि म्हणाले, "आता जिमीन वाटती."

पण हौशी माणसाने कुठे थांबायचं तेही सांगितलं पाहिजे. पाण्याखालचं कवच, इंजिनाच्या खालच्या तुळया, सुकाणूचा जोड यांना आपण हात लावायचा नाही. ते बोट बांधणाऱ्याचं काम. प्रवासी नेणाऱ्या यांत्रिक बोटीला २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार नोंदणी आणि तपासणी लागते, तेव्हा दुरुस्ती झाल्यावर ती तपासनिसाला मोकळेपणाने दाखवावी, झाकू नये. आणि जमीन कितीही भक्कम केली तरी बोटीची क्षमता एका माणसानेही वाढत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली आणि कितीतरी जण बुडाले. तिच्यात गर्दी झाली होती. फळी मजबूत आहे म्हणून चार माणसं जास्त घेऊ नयेत, हे प्रत्येक बोटवाल्याला माहीत असायला हवं.

थोडक्यात काय, तर या सगळ्या कामात फायबर मारायला दोन संध्याकाळी लागल्या. बाकीचे दहा दिवस शोधण्यात, कापण्यात, घासण्यात, वाळवण्यात आणि वाट पाहण्यात गेले. कोणी तुम्हाला "एका दिवसात वरून फायबर मारून देतो" म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: खालचं लाकूड ठोकून पाहिलंत का? आणि २ मिमीचा घन किती होतो, तेही जमलं तर विचारा.